पाळकसाहेब, जुन्या कराराला रागीट म्हणणं आता थांबवा

आदरणीय पाळकसाहेब, पाळकबाई, पंचमंडळी आणि संडेस्कूलच्या सगळ्या ताई-दादांना,

सलाम.

हे पत्र कुणा एका मंडळीला नाही, सगळ्याच मराठी मंडळ्यांना आहे, त्यामुळे कुणी अंगाला लावून घेऊ नका, आणि घेतलंच तर निदान पूर्ण वाचून मग घ्या. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते आणि रविवारी सकाळी संडेस्कूल घेते. म्हणजे आठवडाभर लोक एकमेकांना कोर्टात कसे खेचतात ते बघायचं आणि रविवारी मुलांना शेजाऱ्यावर प्रेम करा म्हणून सांगायचं. या दोन्हीमधे जे अडकून बसलंय ते एकदा लिहून काढते.

उपदेशात एक वाक्य सारखं येतं, जुन्या करारातला देव न्यायाचा आणि नव्या करारातला देव कृपेचा. ऐकायला छान, दोन कप्पे तयार, विषय संपला. पण वर्गातली मुलं मला विचारतात की टीचर, देव मधेच बदलला का, आणि याला माझ्याकडे तुमच्या त्या वाक्यातून काही उत्तर निघत नाही. शिवाय ज्याला आपण "जुना" करार म्हणतो ते यहुदी लोकांचं आजही अख्खं शास्त्र आहे, आणि हे यहुदी काही कुठे लांब परदेशातच राहतात असं नाही. अलिबाग, रेवदंडा, नवगाव या पट्ट्यातले बेने इस्राएल, ज्यांना गावात शनिवार तेली म्हणायचे कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद, ते घरात मराठीच बोलत आले आणि एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करत आले. त्यांचं शास्त्र म्हणजे नुसता राग असं आपण पुलपिटवरून बिनधास्त सांगतो, तेव्हा समोर त्यांच्यातलं कुणी बसलेलं नसतं म्हणून खपून जातं एवढंच.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर आपण जुन्या करारातला न्याय शिकवतच नाही, फक्त त्यातली शिक्षा शिकवतो, मग ती शिक्षा आपल्यालाच नकोशी होते म्हणून थेट क्षमेवर उडी मारतो, आणि मधलं जे आहे, म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याचं ते भरून देणं, ते कुठेच येत नाही.

"डोळ्याबद्दल डोळा" घ्या. हे सगळ्यांना पाठ. टीव्हीवरच्या चर्चेत येतं, आणि कुठलीही भयानक बातमी आली की व्हॉट्सअपवर दोन मिनिटांत कुणीतरी टाकतंच. जुन्या करारातल्या निर्गम पुस्तकाचा एकविसावा अध्याय उघडा आणि त्या वचनाच्या जरा वरचं वाचा. दोघं भांडतात, एक जण दुसऱ्याला दगडाने नाहीतर बुक्कीने मारतो, तो मरत नाही पण अंथरुणाला खिळतो. पुढे तो उठला आणि काठी टेकत बाहेर हिंडायला लागला, तर मारणारा खुनाच्या आरोपातून सुटला, पण त्याने त्याचा बुडालेला रोज भरून द्यायचा आणि तो पूर्ण बरा होईपर्यंत दवापाणी करायचं. मला यातली ती काठी फार आवडते. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर कलम नव्हतं, दारातून हळूहळू बाहेर येणारा एक माणूस होता. आमच्या कोर्टात मारामारीच्या केसला आरोपीला दंड होतो तो बहुतेक वेळा सरकारजमा होतो, आणि ज्याचं डोकं फुटलं तो फक्त एक साक्षीदार, तारखेला आला तर आला. कोर्टाने नुकसानभरपाई द्यावी अशी तरतूद आहे कायद्यात, पण ती मागावी लागते, आणि मागायची असते हेच लोकांना माहीत नसतं.

आता त्या डोळ्याच्या वचनाच्या लगेच खाली बघा. मालकाने गुलामाचा डोळा फोडला तर काय? मालकाचा डोळा फोडा असं नाही. गुलाम मोकळा. दात पाडला तरी मोकळा, एका दातासाठी. बाबेलचा राजा हम्मुराबी याचा कायदा याच्या कितीतरी आधीचा, तो ज्यावर कोरलाय तो काळा दगड १९०१ साली इराणमधल्या सूसाला सापडला आणि आता पॅरिसला लूव्रमधे उभा आहे. त्यात बड्या माणसाचा डोळा फोडला तर डोळा, साध्या माणसाचा फोडला तर चांदी, आणि गुलामाचा फोडला तर त्याच्या निम्म्या किमतीएवढी भरपाई, ती अर्थात मालकाच्या खिशात, डोळा ज्याचा गेला तो होता तिथेच. चोरीचंही तसंच. हम्मुराबीकडे देवळाचा किंवा राजवाड्याचा बैल चोरला तर तीसपट, साध्या माणसाचा चोरला तर दहापट, आणि द्यायला नसेल तर चोराला ठार मारायचं. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात बैल चोरून कापला किंवा विकला तर पाच बैल, मेंढरू असेल तर चार, आणि जनावर जिवंत हाती लागलं तर दुप्पट. देवळाला वेगळा रेट नाही. चोरीसाठी मरण नाही. उलट रात्री घर फोडताना चोर मारला गेला तर दोष नाही पण सूर्य उगवल्यावर मारलात तर खुनाचा दोष तुमच्यावर, म्हणजे चोराच्याही जिवाची किंमत धरलीय. बैलाला पाच आणि मेंढराला चार का, तर जुन्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, म्हटलंय की बैल कामाचा, तो गेला म्हणजे काम पण बुडालं. हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला लागणार नाही, ऐन पेरणीत बैल गेला तर नुसती बैलाची किंमत हातात ठेवून काय होतं?

आणि गंमत बघा, १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे जी भारतीय न्याय संहिता लागू झाली त्यात चोरीच्या कलमात एक बारीक तरतूद आलीय. चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल आणि माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल तर माल किंवा त्याची किंमत परत केल्यावर त्याला तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा. आधी परत कर, मग बाकीचं. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला निर्गमच आठवलं. कुणी तिथून उचलली असं मी म्हणत नाही, पण आपण ज्याला रानटी जमान्याचा कायदा म्हणतो तिथे ही बुद्धी आधीपासून बसलेली होती.

आता आपल्या घरात येऊया, कारण खरं दुखणं इथे आहे.

एका मंडळीत बायकांची भिशी होती. कुठली ते सांगणार नाही, आणि विचारू पण नका. पैसे ज्यांच्याकडे होते त्यांनी ते घरात वापरले, अडचण होती, खरी होती, ते मी नाकारत नाही. त्या भिशीत एक विधवा मावशी होत्या, धुण्याभांड्याची कामं करून भरत होत्या. मीटिंग बसली. सगळे रडले, गुडघ्यावर येऊन प्रार्थना झाली, प्रभूने आपल्याला क्षमा केली तशी आपणही करू असं ठरलं, मग चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं. पैसे परत कधी, हप्त्याने की एकदम, हे कुणीही विचारलं नाही. मावशींनी विचारलं. तर त्यांना सांगण्यात आलं की मनात कडवटपणा ठेवू नका मावशी, प्रार्थनेला अडखळण होतं. म्हणजे पैसे गेले ते गेलेच आणि वरून पापी पण त्याच!

लेवीयच्या सहाव्या अध्यायाची सुरुवात जणू याच मीटिंगसाठी लिहिलीय. कुणी शेजाऱ्याची ठेव लाटली, कुणाला लुबाडलं, सापडलेली वस्तू दाबून ठेवली, वर खोटी शपथ घेतली, तर त्याने काय करायचं? जे घेतलं ते पूर्ण परत, वर त्याचा पाचवा हिस्सा, ज्याचं आहे त्याच्या हातात, आणि ज्या दिवशी तो दोषार्पण घेऊन येईल त्याच दिवशी. मग मेंढा, मग याजक, मग क्षमा. गणनेच्या पाचव्या अध्यायात तर अजून पुढे जाऊन म्हटलंय की ज्याचं नुकसान केलं तो राहिला नसेल आणि भरपाई घ्यायला जवळचा नातलगही नसेल तर ती याजकाकडे जाईल, म्हणजे आता द्यायचं तरी कुणाला ही पळवाटही बंद. नव्या करारातल्या ज्या जक्कय जकातदारावर आपण दरवर्षी उपदेश करतो, त्या जक्कयाने चौपट देतो म्हटलं ते काही भावनेच्या भरात तोंडाला येईल तो आकडा फेकला नव्हता, मेंढरू चोरणाऱ्याला निर्गमात हाच आकडा आहे. आपण जक्कयाचं झाडावर चढणं सांगतो, मुलांकडून अॅक्शन साँग करून घेतो, आणि चौपटीवर आलो की घाईत पुढे.

रब्बींनी हे अजून बारीक केलं. इ.स. २००च्या सुमाराला संकलित झालेल्या मिश्ना या त्यांच्या नियमसंग्रहामधे इजा करणाऱ्याने पाच गोष्टींची भरपाई द्यायची असं आहे, अंगाला झालेलं कायमचं नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेला रोज, आणि पाचवी म्हणजे झालेला अपमान. अपमानाचं वेगळं खातं! आमच्या अपघाताच्या क्लेममधे पहिल्या चारांची बेरीज रोज होते, पाचव्याला कुणी हात लावत नाही. आणि एवढं सगळं देऊनही तो सुटत नाही, त्याने जाऊन समोरच्याची माफी मागायची, आणि मगच समोरच्याला सांगितलंय की आता तू पण दगड होऊ नकोस. हा क्रम बघा. आपल्याकडे उलटं चालतं, आपण समोरच्याला आधी सांगतो. योम किप्पुर म्हणजे त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा प्रायश्चित्ताचा दिवस, पण त्याबद्दलही मिश्ना स्पष्ट सांगतो की देव आणि माणूस यांच्यातली पापं त्या दिवशी मिटतील, माणसामाणसातली मात्र त्या माणसाला राजी केल्याशिवाय नाही.

याच्यात एक तुळईची गोष्ट आहे ती मी वर्गात सांगते आणि मुलांना फार आवडते. कुणी तुळई चोरली आणि स्वतःच्या घराला लावून टाकली. आता काय करायचं? रब्बींचे दोन गट होते, शम्मायचा आणि हिल्लेलचा. शम्मायची मंडळी म्हणाली, घर पाडा आणि तुळई काढून द्या. हिल्लेलची मंडळी म्हणाली, तुळईची किंमत द्या, घर राहू द्या. आणि शास्त्र्यांनी ठरवलं ते हिल्लेलसारखं, कारण दिलं ते असं की ज्याला सुधारायचंय त्याची वाट मोकळी राहावी. अख्खं घर पाडावं लागणार असेल तर कोण कबूल करेल? वर्गात एका पोराने लगेच विचारलं की मग ज्याची तुळई त्याला तीच तुळई हवी असेल तर, आणि त्यावर आमची इतकी वादावादी झाली की शेवटचं गाणं राहूनच गेलं.

आता दुसरी बाजू. भरून द्या म्हटलं की लोकांना वाटतं ही वसुली, कडक भाषा, सौम्यपणा गेला. आणि सौम्य म्हणजे गप्प बसणारा असं आपण धरून चाललोय. त्या शास्त्रातली सौम्य माणसं बघा की जरा.

अबीगईल. नाबाल तिचा नवरा, तीन हजार मेंढरं आणि एक हजार शेरडं, पैशाने मोठा आणि स्वभावाने हलकट. दावीदाच्या माणसांनी त्याच्या मेंढपाळांची रानात राखण केलेली, लोकर कातरायच्या सणाला त्यांनी काहीतरी द्या म्हणून निरोप पाठवला तर नाबालने कोण दावीद म्हणून हाकलून दिलं. दावीद चारशे माणसं आणि तलवारी घेऊन निघाला, घरातला एकही पुरुष सकाळपर्यंत ठेवायचा नाही अशी शपथ घालून. अबीगईलला गड्याकडून कळलं आणि तिने रडत बसण्यापेक्षा आधी सामान भरलं. दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, तयार करून ठेवलेली पाच मेंढरं, पाच मापं हुरडा, मनुकांचे शंभर घड, अंजिराच्या दोनशे ढेपा, सगळं गाढवांवर लादून ती डोंगराच्या आडोशाने खाली उतरली आणि दावीदासमोर गेली. आपण हे "बायकोने नवऱ्याला वाचवलं" म्हणून सांगतो, मला यात हिशेब दिसतो. तिने देणं चुकतं केलं. जे राखणीचं द्यायला हवं होतं आणि दिलं नव्हतं ते आणून ठेवलं, आणि मग दावीदाला, शस्त्र हातात असलेल्या माणसाला, तोंडावर सांगितलं की उद्या तू राजा होशील तेव्हा विनाकारण रक्त सांडल्याचं ओझं तुझ्या मनावर नको. दावीद तिथल्या तिथे थांबला आणि आज तू मला रक्तपातापासून आवरलंस म्हणून तिचे उपकार मानले. मऊ जिभेने हाड मोडतं असं नीतिसूत्रांत आहे ते हेच असणार.

मग ओदेद. हे नाव किती जणांनी उपदेशात ऐकलंय? दुसऱ्या इतिहासाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात इस्राएलच्या राज्याने यहूदाला हरवलं, आणि दोन लाख बायका-मुलं कैद करून शोमरोनाला आणायला निघाले, म्हणजे भाऊबंदच भाऊबंदांना गुलाम करायला निघाले. ओदेद संदेष्टा एकटा त्या विजयी सैन्याला सामोरा गेला आणि म्हणाला की तुमच्या हातून तरी कुठे कमी पापं झालीत, यांना परत पाठवा. एफ्राइमच्या चार पुढाऱ्यांनी त्याची बाजू घेतली. मग ज्यांच्या अंगावर कपडे नव्हते त्यांना लुटीतले कपडे दिले, पायात वहाणा घातल्या, खाऊ-पिऊ घातलं, तेल लावलं, जे चालू शकत नव्हते त्यांना गाढवांवर बसवलं आणि यरीहोला, खजुरांच्या नगराला, त्यांच्या माणसांत नेऊन पोचवलं आणि मग हे परत शोमरोनाला आले. तेल, गाढव, यरीहो, शोमरोनी माणसं. चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगणाऱ्या येशूने हा अध्याय वाचला नसेल असं मला तरी वाटत नाही.

आणि रिस्पा. इथे मला जरा जास्त वेळ थांबायचंय.

दुसऱ्या शमुवेलाचा एकविसावा अध्याय आपण टाळतो, मला कळतं का ते. तीन वर्षं दुष्काळ. देव सांगतो की आधीच्या शौल राजाने गिबोनच्या लोकांना मारलं त्याचा हा दोष. दावीद गिबोन्यांना विचारतो काय करू, ते म्हणतात आम्हाला सोनं-चांदी नको, शौलाच्या वंशातले सात पुरुष द्या. दावीद देतो. नीट वाचा, देवाने सात माणसं टांगा असं कुठेही सांगितलेलं नाही, ते या दोघांनी आपसात ठरवलं. त्या सातांत दोन रिस्पाची मुलं होती, रिस्पा म्हणजे शौलाची उपपत्नी, राजा मेल्यावर जिला कोण विचारतो. कापणीच्या सुरुवातीचे दिवस, सातूची कापणी चालू झालेली. तिने गोणपाट घेतलं, खडकावर अंथरलं आणि बसली. दिवसा पाखरांना प्रेतांवर बसू दिलं नाही, रात्री रानातल्या जनावरांना जवळ येऊ दिलं नाही, आकाशातून पाऊस पडेपर्यंत. तिकडचा उन्हाळा कोरडा, कापणी ते पाऊस म्हणजे महिने जातात, आणि त्या सात जणांतले पाच तर तिचे पण नव्हते, शौलाच्या मुलीचे होते, तिने सातही राखले. तिच्या तोंडी अख्ख्या अध्यायात एक शब्द नाही. हातात काही नाही, कुणी पाठीशी नाही, आणि राजाने केलेलं राजाच्या डोळ्यासमोर तसंच उघडं ठेवून ती बसलीय, मागे घ्यायचं नाव नाही.

दावीदाला कळलं. मग तो उठला, याबेश-गिलादाला पडून असलेली शौलाची आणि त्याचा मुलगा योनाथान याची हाडं आणवली, टांगलेल्यांची हाडं गोळा केली, आणि शौल-योनाथानाला शौलाचा बाप कीश याच्या कबरीत पुरलं. आणि त्यानंतर, हे वाक्य तिथे आहे, त्यानंतर देवाने देशासाठी केलेली विनंती ऐकली. सात मेले तेव्हा ऐकली असं लिहिलेलं नाही. मी हे वाक्य वकिलासारखं दहा वेळा उलटसुलट करून बघितलं आणि मला तरी ते असंच दिसतं की रक्ताच्या हिशेबाने काही मिटलं नव्हतं, एका बाईने राजाला लाजवलं आणि मेलेल्यांना त्यांचा मान परत मिळाला तेव्हा मिटलं. कुणी पाळकसाहेब मला यावर दुरुस्त करणार असतील तर जरूर करा, पण आधी या अध्यायावर एक उपदेश करा.

तसाच तो गहाणाचा नियम. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात म्हटलंय की कुणाला उसने दिले तर गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो आणून देईल. जात्याची तळी गहाण घेऊ नकोस, तो त्याचा जीवच घेतल्यासारखं. गरिबाचं पांघरूण घेतलं असेल तर दिवस मावळताना परत दे, तो झोपेल कशात? सावकार सावकारच राहतो, कर्ज माफ झालेलं नाही, पण घरात शिरायचं नाही. हप्ता थकला की दारात मोटरसायकली लावून घरात घुसणारी पोरं ज्यांनी बघितलीत त्यांना हा नियम काय आहे ते कळेल. आणि हे पांघरूण काही कवितेतलं नाही. १९६० साली इस्राएलच्या किनाऱ्यावर यावने-यामजवळ एका जुन्या गढीत खापराचा एक तुकडा सापडला, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरचा. त्यावर शाईने अर्ज लिहिलाय. एका कापणी करणाऱ्या मजुराचा, अधिकाऱ्याला. मी माझी कापणी पूर्ण केली होती, तरी शोबायचा मुलगा होशायाहू आला आणि माझं वस्त्र घेऊन गेला, माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे माझे भाऊ साक्ष देतील, माझं वस्त्र परत मिळवून द्या. अर्जात तो शास्त्राचा हवाला देत नाही, नुसतं आपलं म्हणणं मांडतो. सव्वीसशे वर्षांपूर्वीचा अर्ज आणि मजकूर अगदी आमच्या कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे रोज टाइप होतो तसा, मी काम केलं, माझं घेतलं, साक्षीदार आहेत, परत मिळावं ही विनंती. वस्त्र परत मिळालं का ते खापरावर नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तू फक्त गोड गोड वेचलंस. नाही वेचलेलं. यहोशवाच्या पुस्तकात गावंच्या गावं कापून काढल्याची वर्णनं आहेत आणि ती मला आजही वाचवत नाहीत. ज्या अध्यायात दातासाठी गुलाम सुटतो त्याच अध्यायात मालकाने मारलेला गुलाम एक-दोन दिवस जगला तर मालकाला शिक्षा नाही असंही लिहिलंय. भरपाई द्यायला काही नसेल तर चोराला विकायचे. खुनाला तर पैसे घेऊन तडजोड चालणारच नाही असं गणनेत स्पष्ट आहे, आणि याचं मला उलट बरंच वाटतं, कारण नाहीतर पैसेवाला खून करून पैसे फेकून सुटला असता. दावीदाने ज्याला मारवलं त्या उरीयाच्या बाबतीत हाच पेच आहे, नाथान संदेष्ट्याने दावीदाला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, दावीद चिडून म्हणाला की चौपट भरून घ्या, आणि नाथानाने सांगितलं की तो माणूस तूच. उरीयाला चौपट काय, काहीच देता येणार नव्हतं, तो मेला होता. काही गोष्टी भरून येत नाहीत आणि शास्त्र ते लपवत नाही. मुलांना मी हे सगळं वयाप्रमाणे सांगते. पण हे कठीण भाग आपण "जुना करार असाच" म्हणून एका झटक्यात बाजूला सारतो तेव्हा त्यांच्याबरोबर अबीगईल, रिस्पा, ओदेद, तुळई, पांघरूण सगळंच बाहेर जातं.

शिस्तीचं पण बोलते, राहून जायला नको. आपल्याकडे कुणाचं काही चुकलं की नाव कापतात, सहभागितेतून बंद, आणि मग कुणी सहा महिन्यांनी विचारतो का की ती व्यक्ती कशी आहे? मोशेची बहीण मिर्याम त्याच्याविरुद्ध बोलली, तिला कोड झालं, मोशेने तिच्यासाठी लगेच देवाकडे आरोळी मारली, तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवलं. शिक्षा झाली, पण किती दिवस ते आधीच ठरलेलं. आणि ती आत येईपर्यंत अख्ख्या छावणीने तंबू हलवला नाही, सगळे थांबले. फटक्यांच्या शिक्षेलाही चाळीसची मर्यादा घातलीय, कारण काय, तर त्याहून जास्त मारलंत तर तुमचा भाऊ तुमच्या नजरेत हलका होईल. भाऊ म्हटलंय, आरोपी नाही.

अजून एक, आणि हे जरा कडक लिहिते. नवऱ्याने मारलं म्हणून जी बाई पाळकसाहेबांकडे येते तिला क्षमेचं वचन वाचून दाखवून घरी परत पाठवू नका. तिचं नुकसान कुणी भरलं, मारणाऱ्याने कुणासमोर कबूल केलं, पुन्हा होणार नाही याची जबाबदारी कुणी घेतली, हे विचारा आधी. यशयाने ज्या सेवकाबद्दल लिहिलंय तो चेपलेला बोरू मोडत नाही आणि मिणमिणती वात विझवत नाही, पण त्याच वचनात तो न्याय पण प्रस्थापित करतो. आपण अर्धं वचन फ्रेम करून भिंतीवर लावलंय.

मागणं फार नाही. येत्या वर्षाच्या संडेस्कूलच्या पाठांत ओदेद आणि रिस्पा घ्या, रिस्पा निदान मोठ्या मुलांना. जक्कयाचा पाठ आला की त्याच तासाला निर्गमचा बाविसावा अध्याय काढा. दोषार्पणावर बोलताना मेंढ्याच्या आधी काय यायचं तेही सांगा. उपवास प्रार्थनेच्या आठवड्यात एक संध्याकाळ अशी ठेवा की ज्याला कुणाचं काही परत करायचंय त्याने ते त्या दिवसाच्या आत करावं, जाहीर नको, पाकिटात घालून दिलं तरी चालेल. आणि मंडळीत पैशाचा किंवा मारहाणीचा विषय आला तर पंचांच्या मीटिंगमधे पहिला प्रश्न ज्याचं गेलं त्याला विचारा, की तुम्हाला काय परत हवंय. प्रार्थना त्यानंतर करा, चहा पण त्यानंतर.

त्या भिशीच्या मावशींचा हिशेब माझ्याकडे कागदावर आहे, मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. ज्या मंडळीतलं आहे त्यांना कळलं असेलच. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत तो विषय घ्यावा असं पत्र मी वेगळं दिलेलं आहे, फी घेणार नाही.

आपलीच,
एक संडेस्कूल टीचर